खंडेनवमीचं तेल

“मी आत नाही येत. इथूनच नमस्कार करतो.”

दाराबाहेर कोणीतरी बाबांना हळू आवाजात असं म्हणालं, तेव्हा मी तुझ्या स्वयंपाकघरात पेले पुसत होते. आवाज मी लगेच ओळखला.

“अहो, असं कसं? तेराव्याला आलात, दोन घास खाऊन जा,” बाबा म्हणत होते. “ताईच्या कंपनीतले का तुम्ही?”

“नाही. वागळे इस्टेटला दुकान आहे माझं, गाड्या रिपेरिंगचं. आधी ताई यायच्या तिथे.”

‘आधी’ हा शब्द बाबांच्या लक्षात आला नाही. पडद्याच्या फटीतून मी बघत होते. त्याने चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर उभं राहून तुझ्या फोटोला हात जोडले, क्षणभर डोळे मिटले आणि जिना उतरून गेला. मी बाहेर जाऊन त्याला थांबवू शकले असते. मी पुढचा पेला उचलला आणि पुसला. तो मी आधीच पुसलेला होता.

आत्या, तो संतोष होता. तो कोण हे बाबांना ठाऊक नाही. तो आत का आला नाही हे तुला बरोबर कळलं असतं. पण त्यामागे जे होतं ते तुलाही ठाऊक नव्हतं, ते फक्त मला ठाऊक आहे. म्हणून लिहितेय. तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. फ्रिजवर मी इंग्रजीत चिठ्ठ्या लिहायचे आणि तू त्यांच्याखाली मराठीत उत्तर लिहायचीस, तसं हे उलटं समज. चिठ्ठी माझी, मराठीत. उत्तराची जागा खाली रिकामीच राहणार.

माझी नोकरी वागळे इस्टेटमध्ये लागली तेव्हा आई म्हणाली, रोज डोंबिवलीहून कशाला धावपळ, आठवडाभर ताईंकडे राहा. तुला विचारलंसुद्धा नव्हतं. तू दार उघडलंस, माझी बॅग बघितलीस आणि म्हणालीस, “कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केलाय. वरच्याला हात लावायचा नाही, माझी हत्यारं आहेत.” दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मला वाटलं होतं, हत्यारं म्हणजे तू गंमत करतेयस. वरच्या कप्प्यात खरंच पान्यांचा संच होता, पोलादी पट्ट्या होत्या, आणि मखमलीच्या पेटीत ठेवलेलं मायक्रोमीटर.

एकतीस वर्षं तू रबरी पट्टे तपासलेस. गिरण्यांचे, पंपांचे, छापखान्यांचे. रस्त्यातून जाताना पिठाच्या गिरणीपाशी तू थबकायचीस आणि आतल्या माणसाला सांगायचीस, “अहो, पट्टा सैल झालाय, ओढून घ्या.” मी चार पावलं पुढे जाऊन तुझी ओळख नसल्यासारखी उभी राहायचे. निवृत्त झाल्यावर तू बॅटरीवरची मोटरसायकल घेतलीस, चेनऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारी. आई म्हणाली होती, “ताई, या वयात निदान स्कूटर तरी.” त्यावर तू म्हणालीस, “अगं सुनीता, स्कूटरवर पाय जुळवून बसावं लागतं. मला ते कधी जमलं नाही.” बाबा हसता हसता ठसकले होते.

ती गाडी कोपरीच्या गल्लीत शिरली तरी कुत्री मान वळवायची नाहीत, इतकी गप्प. तुला तिचं तेच आवडायचं आणि माझं तेच आवडायचं नाही.

आपलं भांडण त्याच्यावरूनच होतं ना? ऑफिसात मी केलेलं काम दुसऱ्या मुलीने मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून सांगितलं आणि मी काही बोलले नाही, हे तुला कळलं तेव्हा तू चिडलीस. “गप्प बसलं की सोज्ज्वळ दिसतं असं कोणी शिकवलं तुला?” मी म्हटलं, “आणि तू सगळं तिथल्या तिथे बोलतेस. म्हणून तुझ्याशी कोणी टिकत नाही.” हे मी बोलायला नको होतं. तू भाजी चिरायची थांबली नाहीस. चिरता चिरताच म्हणालीस, “टिकत नाही हे खरंय. पण कोणाला माझ्याबद्दल शंका तरी राहत नाही.” पुढे ते भांडण आपण दोघींनी मिटवलं नाही. तसंच ठेवून दिलं, पुन्हा लागेल म्हणून.

मग मागच्या नवरात्रात तुझ्या छातीत पाणी झालं आणि तुला ॲडमिट केलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तू हॉस्पिटलमधून फोन केलास. श्वास पुरत नव्हता तरी हुकूम पूर्ण होता. “सई, उद्या हत्यारं पुजायची. आधी पुसायची, मग तेलाचा हात फिरवायचा, मग हळदकुंकू. आजोबांपासून चुकलेलं नाही. विसरू नकोस.”

मी विसरले नाही. अर्धा दिवस सुट्टी काढली. पाटावर तुझे पाने मांडले, आजीची विळी, अडकित्ता, शिलाई मशीन. मशीनच्या तेलाची ती लांब चोचीची बाटली घेऊन प्रत्येकावरून तेलाचा हात फिरवला. मला फार बरं वाटत होतं. या घरातलं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या एकटीवर सोपवलेलं होतं. सगळं झाल्यावर वाटलं, गाडी राहिली. गाडी म्हणजे हत्यारच की. खाली पार्किंगमध्ये गेले. पट्टा पांढरट, कोरडा, धुळीने माखलेला दिसला. बाबा डोंबिवलीला दर महिन्याला त्यांच्या मोटरसायकलच्या चेनला तेल घालतात, ते लहानपणापासून बघत आले होते. मी मागचं चाक हाताने फिरवत फिरवत पूर्ण पट्ट्यावर तेल सोडलं, एकही दात न चुकवता. तुझ्याइतकं नीटनेटकं काम झाल्यासारखं वाटलं. मग पट्ट्यावर, पुलीपाशी, हळदकुंकू वाहिलं. झेंडूची माळ घातली. फोटो काढून तुला पाठवला.

तू उत्तर पाठवलंस, ‘शाब्बास.’ फोटोत पट्टा काळाभोर चकाकतोय. तुझ्या फोनच्या तेवढ्याशा पडद्यावर तो दिसला नसणार.

तू सांगितलं होतंस की गाडी पडून राहू देऊ नकोस, म्हणून मी ती ऑफिसला नेत होते. दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी कोलशेतला एका मैत्रिणीकडे गेले होते. तिकडे सगळे रस्ते खणलेले, हवेतच माती. येताना मागून आवाज सुरू झाला. बारीक, सलग. सिग्नलला थांबले की बंद, निघाले की चालू. शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून माझ्या चाकाकडे बघितलं. घरी येऊन बघते तर पट्ट्यावर लालसर चिखलाचा थर. मी घाबरून फडक्याने पुसला, बादलीभर पाण्याने धुतला. वरून स्वच्छ दिसायला लागला. आवाज तसाच.

त्यानंतर आठवड्याने तू घरी आलीस. त्याच संध्याकाळी मी गाडी घेऊन फाटकातून आत आले आणि वर पाहिलं, तर तू खिडकीत उभी. जिना चढून येईपर्यंत तू दार उघडून ठेवलं होतंस.

“पट्टा ओरडतोय,” तू म्हणालीस.

मी म्हटलं, “हो का?”

तिथेच सांगायला हवं होतं. तेव्हा ते अगदी छोटं होतं. ‘आत्या, मी तेल घातलं,’ एवढंच. तू दोन मिनिटं ओरडली असतीस आणि तिसऱ्या मिनिटाला चहा मागितला असतास.

दुसऱ्या दिवसापासून आपलं ते सुरू झालं. सकाळी ऑफिसला निघण्याआधी अर्धा तास, पार्किंगमध्ये. तू प्लास्टिकच्या खुर्चीवर, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली, आणि मी खाली वर्तमानपत्र पसरून त्यावर.

“आधी चावी काढ. काढलीस? खिशात टाक. आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे असं समजायचं नाही हिच्या बाबतीत. एकदा बोट पुलीत गेलं की गेलं.”

मी चावी खिशात टाकली.

“आता सांग, कसा आवाज येतो?”

“स्क्वीक.”

“ते झालं तुमच्या शाळेचं. अगं, कसा? चिवचिव, की कुईं, की खर्र, की टक टक?”

मला फरकच सांगता येईना. मग तू तोंडाने एकेक आवाज काढून दाखवलास. वॉचमन काका पलीकडून बघत राहिले. कोरड्या धुळीने दात घासले जातात तेव्हा चिवचिव, तीही सकाळी, हळू चालवताना. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच टक झालं तर खडा अडकलाय, तो काडीने काढायचा, स्क्रूड्रायव्हर कधीच लावायचा नाही, दात जखमी होतो. पट्टा फार ताणलेला असेल तर वेगाबरोबर चढत जाणारं कुईं. आणि निघतानाच खर्र झालं तर सैल. “आवाज कुठून येतो हे लोक आधी बघतात,” तू म्हणालीस. “तो कधी येतो हे आधी बघायचं. मग कुठून ते आपोआप कळतं.”

माझा कधी येतो, हे मला ठाऊक होतं. खंडेनवमीनंतर.

पहिले तीन दिवस आपण धूळ धरून चाललो. भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश, एकेक दात. मग साधं पाणी, मग सुती फडकं, मग सावलीत वाळवणं. पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही, तो बेअरिंगमध्ये शिरतो. आवाज थोडा उतरला, गेला नाही. मग तू चाक सरळ आहे का बघायला लावलंस. चाकाच्या आसापाशी दोन्ही बाजूंना खुणेच्या रेघा असतात, त्या मी मोजल्या, सारख्याच होत्या. पट्ट्याच्या कडेला एकीकडेच काळी पूड साठलीय का, तेही बघितलं, नव्हती. मग ताण. पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबायचं आणि तो किती खाली जातो ते पट्टीने मोजायचं. मी घाबरत दाबलं.

“अगं, डाळिंब पिकलंय का बघताना दाबतेस ना, तेवढं दाब. पापड मोडायचा नाहीये.”

चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी मापं घेतली. सकाळीच, गाडी थंड असताना. गाडीवर कोणी बसलेलं असताना एकदा आणि नसताना एकदा. तू आकडे वहीत मांडलेस, आणि तुझ्या भुवया जवळ आल्या. “एका जागी जास्त ताण, दुसऱ्या जागी कमी. पट्टा फुगलाय कुठेतरी. पण नवा पट्टा फुगेल कशाने?”

मी फडकं पिळलं.

मी तेव्हा का बोलले नाही याचा मी खूप विचार केला. आधी भीती होती, हे खरं आहे. पण दुसऱ्या आठवड्यापासून भीती नव्हती. तेव्हा मला ते सकाळचे अर्धे तास हवे होते. तू मला नावाने हाक मारून पाना मागायचीस आणि मी न बघता बरोबर नंबरचा द्यायचे. एकदा तू म्हणालीस, “तुझं बोट चांगलं आहे. आमच्याकडे तपासणीला घेतलं असतं मी तुला.” शाळेत, कॉलेजात, ऑफिसात मला कोणी असं म्हटलेलं नाही. सांगितलं असतं तर शोध संपला असता. माझ्या चुकीमागे तू दमलेल्या छातीने रोज जिना उतरत होतीस आणि मी ते चालू दिलं, कारण मला मजा येत होती. हे लिहायला कठीण जातंय, पण असंच होतं.

मग तो शनिवार. तू म्हणालीस, पुढच्या पुलीवरचं झाकण उघडायला हवं, ते आपल्याकडून नाही व्हायचं, संतोषकडे चल. तू त्याला किती मानायचीस! “गाडीला हात लावण्याआधी हात धुणारा एकच माणूस आहे ठाण्यात,” असं तू सगळ्यांना सांगायचीस. नवरात्राच्या आधी सर्व्हिसिंग त्यानेच केलं होतं.

त्याने झाकण उघडलं. आत पुलीच्या खाचांमध्ये काळा चिखल बसला होता. तू बोटाने थोडा उचललास, चोळलास, नाकाशी नेलास. तुझा चेहरा बदलला.

“संतोष, हे तेल आहे.”

“तेल? नाय ताई. पट्ट्याला मी कशाला तेल लावीन?”

“मग आलं कुठून? सर्व्हिसिंग तू केलंस. त्यानंतर आम्हा दोघींशिवाय गाडीला कोणाचा हात लागला नाही.”

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. शेजारचा लेथवाला दारात येऊन उभा राहिला. संतोष हसून मिटवायला बघत होता. “ताई, आईशप्पत नाय लावलं. लोकांना मीच सांगतो, बेल्टला तेल म्हणजे सत्यानाश.”

“लावलंस ते लावलंस, आता खोटं बोलू नकोस. चेनचा स्प्रे मारलास घाईघाईत. चूक झाली म्हणाला असतास तर मी काही बोलले नसते.”

“झाली असती तर बोललो असतो ना ताई. नाय झालेली.”

“एकतीस वर्षं मी हेच काम केलंय. मला शिकवू नकोस. यापुढे माझ्या गाडीला हात लावायचा नाही.”

त्या काळ्या चिखलात मला लाल दिसत होतं, आत्या. अगदी थोडं, खाचेच्या तळाशी. कुंकू. तुझा जवळचा चष्मा घरी राहिला होता आणि तू फक्त वासावर चालली होतीस. मी तुझ्या मागे हेल्मेट छातीशी धरून उभी होते. संतोषने माझ्याकडे एकदा बघितलं. माझ्यावर संशय म्हणून नाही. ‘तुम्ही तरी यांना सांगा,’ एवढंच त्या बघण्यात होतं. मी हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिले. मग त्याने फडक्याने पुली स्वच्छ पुसली, झाकण लावलं, आणि गाडी आपल्या ताब्यात दिली.

येताना मी चालवत होते, तू मागे. अर्ध्या वाटेत तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, “वाईट वाटतं गं. चांगला माणूस होता.”

तू नवा पट्टा मागवलास. तो आला, तेव्हा तू खोकं उघडून त्याच्यावरून हात फिरवलास आणि मला सांगितलंस की पट्टा कधी दुमडायचा नाही, पिळायचा नाही, खिळ्याला टांगायचा नाही, त्याच्या आतले दोरे मोडतात आणि बाहेरून कळत नाही. कल्याणला एक जण बसवून देतो असं कोणीतरी तुला सांगितलं होतं. पुढच्या रविवारी जायचं ठरलं. त्याआधीच्या गुरुवारी पहाटे तुला पुन्हा श्वास लागला, आणि या वेळी तू घरी आली नाहीस.

शेवटच्या दोन दिवसांत मी तुझ्याजवळ होते. बोलायला वेळ होता. ऑक्सिजनच्या मास्कमधून तू मला विचारलंस, “गाडी झाकलीस?” मी हो म्हटलं. तू डोळे मिटलेस. त्यानंतर मी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा नर्स आली.

आईला मी परवा हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ताईंना कळलं असणार गं. त्यांना सगळं कळायचं. तुला वाचवायला म्हणून गप्प राहिल्या.” मला हे मानायला फार आवडलं असतं. पण तू तशी नव्हतीस. कळलं असतं तर मला मान धरून संतोषकडे नेलं असतंस आणि सगळ्यांदेखत त्याची माफी मागायला लावली असतीस, आणि मग तू स्वतःही मागितली असतीस. तुला कळलं नव्हतं. तू चुकीचं समजूनच गेलीस, आणि माणसं गेल्यावर त्यांना शहाणं करून आपली सुटका करून घ्यायची, हे मला तुझ्या बाबतीत करायचं नाही.

बाबा म्हणाले, गाडी तूच ठेव. आज सकाळी मी नव्या पट्ट्याचं खोकं मागे बांधलं आणि कल्याणच्या दिशेने न वळता वागळे इस्टेटला गेले. जुना पट्टा सबंध रस्ताभर ओरडत होता. लोक बघत होते. एरवी मी मेले असते. आज मला तो आवाज चालला. निदान आम्हा दोघींपैकी कोणीतरी बोलत होतं.

मी दुकानासमोर थांबले तर लेथवाला आधी पुढे आला. “ओ तेलशेठ! ताईंची गाडी आली बघा. चला, तेल काढा!” आतून दोन-तीन जण हसले. म्हणजे हे नाव त्या दिवसापासून चाललेलं होतं. दोन महिने. आणि ऑफिसात मी तिथून दहा मिनिटांवर बसत होते.

संतोष हसला नाही. त्याने नळाखाली हात धुतले, तसेच ओले घेऊन माझ्यासमोर आला, गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, “ताईंचं कळलं तेव्हा लय वाईट वाटलं. येऊन गेलो मी.”

“मी बघितलं,” मी म्हटलं.

“पण गाडी दुसरीकडे न्या मॅडम. ताई बोलल्या होत्या हात लावू नको. त्या असत्या तर गोष्ट वेगळी, समजावून सांगितलं असतं कधीतरी. आता त्यांचा शब्द मी नाय मोडणार.”

मी सांगितलं. तेल मी लावलं होतं, असं म्हणाले. पण त्याच वेळी मागे हवेचा कंप्रेसर सुरू झाला आणि माझा आवाज तुला माहीत आहे केवढा असतो. संतोषने कानामागे हात धरला. लेथवाला म्हणाला, “काय बोलली? काय म्हणते ती?”

तेवढ्यात मी परत फिरू शकले असते. ‘काही नाही’ म्हणून गाडी वळवता आली असती, आणि कोणाला काही कळलं नसतं. दोन गिऱ्हाइकं बघत होती. माझे कान तापले होते. तुझा विचार आला, आणि तो सोपा नव्हता. तेराव्याला सगळे तुझी अचूक नजर, तुझं बोट, तुझा करारीपणा यांचं कौतुक करत होते. हे बोलले की त्यातलं थोडं मी स्वतःच्या हाताने कमी करणार होते, आणि तू उत्तर द्यायला इथे नव्हतीस. रागावलीस तरी चालेल असं मी मनात म्हटलं. तू रागावली नसतीस, हेही मला ठाऊक होतं.

मी कंप्रेसर थांबायची वाट बघितली. तो थांबला. दुकानात सगळं शांत झालं, आणि मी हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“पट्ट्याला तेल संतोषदादांनी लावलं नव्हतं. खंडेनवमीला मी लावलं होतं, शिलाई मशीनचं. आत्या चुकली, आणि मी तिला चुकू दिलं.”